मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी : पहिल्या डोसाच्या आधीपासून शेवटच्या दुर्बिणीपर्यंत

परवा एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. तिच्या वडिलांचा बीसीजीचा चौथा डोस झाला होता. दुसऱ्या दिवशी लघवीला आग होऊ लागली, म्हणून तिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची पट्टी आणून दोन गोळ्या दिल्या होत्या. "इन्फेक्शनच असेल ना, ताई?" असे ती विचारत होती. डोसानंतरच्या दिवशीची आग बहुतेक वेळा औषधाचीच असते, आणि ती गोळी नेमकी त्या औषधालाच मारते.

माझ्या बाबांचे तीन वर्षांत २७ डोस झाले आणि प्रत्येक वेळी मी सोबत होते. आमच्याही चुका झाल्या. त्यानंतर जे फोन येत गेले, त्यांत त्याच चुका पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाल्या. त्यातल्या बहुतेक चुका या उपचारातली मूळ गोष्ट कुणी नीट न सांगितल्यामुळे होतात: बीसीजीच्या बाटलीतले जंतू जिवंत असतात. क्षयाच्या लशीतलेच हे दुबळे केलेले जंतू लघवीच्या पिशवीत सोडतात. ते आतल्या अस्तराला चिकटले की शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. जंतू मेले तर उपचार फुकट जातो, आणि ते रक्तात शिरले तर जिवावर बेतू शकते. पुढची प्रत्येक पायरी या दोन टोकांच्या मधली आहे.

तुमच्या डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले असेल तर तेच ऐका. त्यांच्यापुढे तुमचा रुग्ण असतो.

पायरी १ : आपली इम्युनोथेरपी कोणती, ते आधी ठरवा

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच कॅन्सरशी लढवून घेणारा उपचार. बीसीजी त्यातलाच एक. पण इम्युनोथेरपी म्हटले की नातेवाईक इंटरनेटवर पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब अशी नावे शोधतात, किमती पाहतात आणि हादरतात. ती शिरेतून द्यायची औषधे आहेत आणि मुख्यतः कॅन्सर स्नायूत शिरला किंवा पसरला तर वापरली जातात. बीसीजी नळीने थेट पिशवीत देतात. कॅन्सर अस्तरापुरता किंवा अस्तराच्या लगेच खालच्या थरापुरता आहे, पण पुन्हा उगवण्याची किंवा वाढण्याची भीती आहे, अशा रुग्णांसाठी ते असते.

दुर्बिणीतून गाठ काढल्यानंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात घ्या. टीए (कॅन्सर अस्तरापुरता), टी१ (अस्तराच्या लगेच खालच्या थरात शिरलेला), सीआयएस (अस्तरातच सपाट पसरलेला, आक्रमक) यांपैकी काय लिहिले आहे ते पाहा. गाठ हाय ग्रेड (जास्त आक्रमक) की लो ग्रेड (कमी आक्रमक), तेही पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ शोधा: तुकड्यात स्नायू आला आहे का. रिपोर्टात ते 'डिट्रुझर मसल' असे येते. तुकड्यात स्नायूच नसेल, तर कॅन्सर स्नायूत शिरला आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

तपासा : टी१ असेल किंवा तुकड्यात स्नायू नसेल, तर साधारण २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीतून खरवडून पाहतात. "एकदा ऑपरेशन झालंय, आता परत कशाला?" म्हणून ही पायरी गाळू नका. स्नायूत शिरलेल्या कॅन्सरला बीसीजी पुरत नाही, आणि सहा आठवडे चुकीच्या उपचारात गेले तर ते परत मिळत नाहीत.

पायरी २ : डॉक्टरांना स्वतःहून सांगायच्या गोष्टी

ओपीडीत गर्दी असते आणि सगळे विचारले जातेच असे नाही. घरून कागदावर लिहून न्या:

१. पूर्वी क्षय झाला होता का, आता बराच काळ खोकला किंवा वजन घटणे आहे का. सक्रिय क्षय असताना बीसीजी देत नाहीत.
२. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, सांधेदुखीची किंवा सोरायसिसची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही, रक्ताचा कॅन्सर.
३. कृत्रिम सांधा, हृदयाची कृत्रिम झडप, पेसमेकर.
४. रक्त पातळ करणारी गोळी. ती मनाने बंदही करू नका आणि लपवूही नका.
५. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कुणी आहे का.

दुसऱ्या मुद्द्यात एक फसवी जागा आहे. खेड्यापाड्यांत गुडघेदुखीवर पुड्या मिळतात आणि त्यांत काय असते हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. अनेकदा त्यांत स्टिरॉइड निघते. बाबाही गावाकडून आणलेली अशी पुडी घेत होते आणि "ते काय औषध आहे का" म्हणून त्यांनी ती सांगितलीच नव्हती. आईने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली तेव्हा डॉक्टरांना कळले.

लहानपणी खांद्यावर टोचलेली बीसीजी असली तरी हा उपचार घेता येतो. ती झाली म्हणून हा टाळायचे कारण नाही.

पायरी ३ : सगळ्या तारखा एकदम मांडा

गाठ काढल्यानंतर किमान दोन आठवडे थांबतात, म्हणजे आतली जखम भरते. मग आठवड्यातून एक असे सहा डोस होतात. पुढे देखभालीचे डोस: ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्याला, प्रत्येक वेळी आठवड्याला एक असे तीन. ६ आणि २१ मिळून २७. मध्यम धोक्याच्या रुग्णांना हे एक वर्ष देतात, जास्त धोक्याच्यांना तीन वर्षांपर्यंत.

महिने मोजताना घोळ होतो. ते पहिल्या डोसाच्या तारखेपासून मोजायचे असतात, सहावा डोस संपल्यापासून नाही. पहिला डोस झाला त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर सगळे महिने लिहा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. लग्नकार्य, गणपती, शेतीची कामे आधीच दिसतात.

सावधान : "सहा झाले, दुर्बीण स्वच्छ आली, आता पुरे" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकले आहे. पहिले सहा डोस प्रतिकारशक्तीला शिकवतात, पुढचे तीन-तीन तिला आठवण करून देतात. युरोपात निंबस नावाच्या चाचणीत रुग्णांच्या एका गटाला मुद्दाम कमी डोस दिले गेले. त्या गटात कॅन्सर परतण्याचे प्रमाण पूर्ण डोस घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाले, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा डोस आठवडाभर ढकलू शकतात. तो निर्णय त्यांचा असू द्या.

पायरी ४ : व्हायल आणणे

अनेक ठिकाणी व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, नातेवाइकांनाच आणावी लागते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हे औषध बनवते, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते सहसा नसते, मागवावे लागते आणि अधूनमधून तुटवडाही होतो. पुढच्या तीन डोसांची मागणी आधीच नोंदवा, पण व्हायल शक्यतो डोसाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी उचला.

दुकानातच उभे राहून पाहायचे:

१. हे कॅन्सरसाठीचे बीसीजी आहे की बाळांना टोचायची लस. मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.
२. किती मिलिग्रॅम. बाबांना ८० लिहिले होते आणि ४० च्या दोन व्हायल लागायच्या. एकदा दुकानदाराने एकच बांधून दिली होती.
३. मुदत संपायची तारीख.
४. कंपनी तीच आहे का. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जंतूंचा वाण आणि मात्रा सारखी नसते. "दुसरी कंपनी आहे, चालेल" हे दुकानदाराने ठरवायचे नाही, डॉक्टरांना फोन करा.

व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये आणि उजेडापासून लांब ठेवायची. घरच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा. दारातल्या खणात नको, कारण दार उघडझाप होताना तिथेच सगळ्यात जास्त ऊब लागते. फ्रीजरमध्ये मुळीच नको. प्रवासात थर्माकोलचा डबा आणि आइस पॅक वापरा, पण पॅक आणि व्हायल यांच्यामध्ये टॉवेलची घडी हवी. मे महिन्यात आम्ही दोन दिवस आधी व्हायल आणून नातेवाइकांकडे ठेवली. रात्री सात तास वीज गेली आणि सकाळी फ्रिजमधले दूध फाटलेले होते. व्हायल दिसायला तशीच होती, पांढरी कोरडी टिकली. हॉस्पिटलमध्ये खरे सांगितले तेव्हा सिस्टरनी ती बाजूला ठेवली आणि डोस चार दिवसांनी झाला. पैसे गेले. पण मेलेले औषध घेऊन डोस झाला असे समजलो असतो तर त्याहून जास्त गेले असते.

पायरी ५ : आदला दिवस आणि ती सकाळ

लघवीची तपासणी सांगितली असेल तर रिपोर्ट हातात घेऊनच निघा. ताप, लघवीत उघड रक्त किंवा लघवीच्या इन्फेक्शनचा त्रास असेल तर त्या दिवशी डोस देत नाहीत. घरूनच फोन करा. गाडीभाडे खर्चून गेलोय म्हणून ताप लपवला, असे पुन्हा कुणाकडून ऐकायला मिळू नये असे मला मनापासून वाटते.

डोसाच्या चार तास आधीपासून पाणी, चहा, ताक कमी करा. कोरड्या घशाने बसायचे नाही, घोटभर चालते. हेतू इतकाच की पुढचे दोन तास पिशवी भरू नये आणि औषध पातळ होऊ नये. लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी असेल तर ती डोसानंतर घेऊ का, हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा. बाबांचा तिसरा डोस फसता फसता वाचला तो चहामुळे. एसटी स्टँडवर त्यांनी दोन कप घेतले आणि सव्वा तासातच त्यांना पलंगाची कड धरून बसावे लागले.

सावधान : उपचार चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांतली गोळी न विचारता घेऊ नका. जुलाब झाले की घरोघरी घेतली जाते ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळीही यातच आली. ही औषधे बीसीजीचे जंतू मारू शकतात. कधी डॉक्टर स्वतःच डोसानंतर ठरावीक तासांनी यातली गोळी देतात, त्रास कमी व्हावा म्हणून. ती त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्या. डोस होण्याआधी कुणी लिहून दिली तर बीसीजी चालू आहे हे सांगा.

पायरी ६ : नळी घालताना

आधी लघवी करून पिशवी रिकामी करतात. मग जेली लावून बारीक नळी आत जाते, उरलेली लघवी काढतात आणि सुमारे ५० मिली सलाइनमध्ये मिसळलेले औषध जोर न लावता हळूहळू सोडतात. मिसळलेले औषध दोन तासांत वापरावे लागते, म्हणून तुम्ही पोचून तयार असल्याशिवाय व्हायल फोडायला सांगू नका.

या पायरीत रुग्णाने करायची गोष्ट एकच: अंग सैल सोडून लांब श्वास घेणे, आणि फार दुखले किंवा रक्त दिसले तर लगेच बोलणे.

चौथ्या डोसाला नळी घालताना बाबांना कळ आली आणि नळीतून गुलाबी लघवी उतरली. ड्यूटीवरचे नवखे डॉक्टर "थोडंसंच आहे, देऊन टाकू" म्हणाले. तोवर व्हायल फोडलेली नव्हती. मोठ्या सिस्टरांनी ट्रे उचलून मागे ठेवला आणि म्हणाल्या, "आज नाही. पुढच्या आठवड्यात." तेव्हा मला राग आला होता. नंतर समजले की सोललेल्या जागेतून जिवंत जंतू थेट रक्तात जातात, आणि बीसीजीचे जीवघेणे संसर्ग बरेचदा याच वाटेने होतात.

तपासा : नळीला रक्त लागले किंवा नळी जाताना जोर करावा लागला, तर "आज डोस द्यायचा का?" हा प्रश्न तुम्ही विचारायचा. संकोच करू नका.

पायरी ७ : दोन तास

औषध आत गेले की ते साधारण दोन तास धरून ठेवायचे. काही ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला सांगतात, काही ठिकाणी फिरू देतात. आपल्या हॉस्पिटलची पद्धत पाळा. दोन तासांहून जास्त धरण्यात फायदा नाही, उलट जळजळ वाढते. त्याआधीच लघवी होत असेल तर दाबून धरून जीव नकोसा करू नका, किती मिनिटे राहिले ते लिहा आणि पुढच्या वेळी सांगा.

घर लांब असेल तर दोन तास तिथेच काढा. बसच्या धक्क्यांत आणि वाटेतल्या स्वच्छतागृहाच्या शोधात हे निभत नाही.

पायरी ८ : पहिले सहा तास, संडासात

इथे घराघरांत गोंधळ उडतो. बाहेर पडणाऱ्या लघवीत जिवंत जंतू असतात, म्हणून सहा तास हा क्रम ठेवा:

१. पुरुषांनीही बसूनच लघवी करायची. उभ्याने उडते.
२. लघवीइतकेच द्रव ब्लीच, म्हणजे कपड्यांसाठी मिळणारे सोडियम हायपोक्लोराइट, भांड्यात ओतायचे.
३. कमोडचे झाकण लावून १५ मिनिटे थांबायचे, मग फ्लश. खिडकी उघडी ठेवा, ब्लीच ओतून तिथेच उभे राहू नका.
४. हात आणि लघवीची जागा साबणाने धुवायची.

आपल्याकडच्या उकिडवे बसायच्या संडासात झाकण नसते. पंधरा मिनिटे दार लावून ठेवा आणि नंतर बादलीने धडाधड पाणी मारण्याऐवजी तांब्याने हळू ओता. बाथरूमच्या मोरीत किंवा अंगणात लघवी नको. कपड्याला लागली तर तो कपडा वेगळा धुवा. पँट किंवा डायपर बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत.

सावधान : ब्लीच आणि संडास धुवायचे ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर एकत्र कधीही नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डोसाच्या दिवशी ॲसिडची बाटली संडासातून बाहेरच काढून ठेवा.

दोन तास उलटले की मात्र भरपूर पाणी प्या. धने-जिऱ्याचे पाणी, बार्ली, सब्जा, जे रुचेल ते. मधुमेह असेल तर सरबतातली साखर टाळा. पती-पत्नींनी ४८ तास संबंध टाळावेत, आणि उपचाराच्या पूर्ण काळात निरोध वापरावा. हे हॉस्पिटलमध्ये आमच्यासमोर कुणी बोलले नाही आणि बाबांना विचारायची लाज वाटली. म्हणून इथे स्पष्ट लिहिते आहे.

पायरी ९ : पुढचे दोन दिवस

उन्हाळी लागल्यासारखी आग, दर अर्ध्या तासाला जावे लागणे, किंचित लालसर लघवी, अंग मोडून येणे, अंगात कसर. हे एक-दोन दिवस चालते आणि दुसऱ्या-तिसऱ्या डोसापासून थोडे वाढतेही. प्रतिकारशक्ती जागी झाल्याचा तो भाग आहे. पॅरासिटामॉल घेता येते, पण गोळी देण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा वहीत लिहा. "गरम लागत होतं" यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

खालीलपैकी काही झाले तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा, मग मध्यरात्र का असेना:

– ताप १०२ च्या वर, किंवा १०१ च्या वर असून २४ तासांत न उतरणे
– थंडी वाजून हुडहुडी भरणे, गुंगी, रक्तदाब घसरणे
– लघवी तुंबणे, रक्ताच्या गुठळ्या
– वृषण सुजणे किंवा दुखणे
– डोळे पिवळे होणे, किंवा लाल होऊन सोबत सांधे सुजणे
– बरा न होणारा खोकला, धाप

दारातच सांगा: "मूत्राशयात बीसीजीचा डोस झालाय, अमुक तारखेला." हे न सांगितल्यामुळे मलेरिया, डेंग्यू, व्हायरल असे शोधण्यात दिवस जातात. बीसीजीचा संसर्ग महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही डोके वर काढू शकतो, त्यामुळे उपचार संपले तरी हे वाक्य विसरू नका.

संसर्ग झालाच तर क्षयाची औषधे देतात, पण एक फरक आहे. पायराझिनामाइड या जंतूंवर मुळातच चालत नाही. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांमध्ये ते असते, म्हणून गावातल्या केंद्रावर नेहमीचा कोर्स सुरू करण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलणे करून द्या. बीसीजीनंतरच्या बायोप्सीत (तपासायला काढलेल्या तुकड्यात) 'ग्रॅन्युलोमा', म्हणजे दाहातून झालेला पेशींचा बारीक पुंजका, हा शब्द आला तरी घाबरू नका. तो बऱ्याचदा औषधाचाच ठसा असतो, क्षय झाला असा त्याचा अर्थ लगेच लावायचा नसतो.

पायरी १० : दुर्बीण, आणि बीसीजी चालले नाही तर

पहिली दुर्बिणीची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होते, सोबत लघवीतल्या पेशींची तपासणी. जास्त धोक्याच्या रुग्णांना पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. डोस झाल्यावर लगेच दुर्बीण घालायची घाई नको, कारण आतले अस्तर औषधाने लालभडक असते आणि ते कॅन्सरसारखे दिसू शकते. सीआयएस असलेल्या काहींना तिसऱ्या महिन्यात पूर्ण साफ दिसत नाही, पुढच्या डोसांनंतर सहाव्या महिन्यात साफ दिसते. तेव्हा "तीन महिन्यांत फेल गेलं" असा निष्कर्ष घरी काढू नका.

विडी, सिगारेट याच काळात सुटली पाहिजे. मूत्राशयाच्या कॅन्सरचे ते सगळ्यात मोठे कारण आहे, आणि त्यातली विषे लघवीतूनच त्या अस्तरावर साठत राहतात.

पुरेसे डोस होऊनही हाय ग्रेड कॅन्सर परतला, तर मूत्राशय काढून टाकणे हा सगळ्यात खात्रीचा मार्ग डॉक्टर सुचवतात. ऐकून पायाखालची जमीन सरकते. त्या भेटीला घरातले दोघे तरी जा आणि पुढचे प्रश्न लिहून न्या. पिशवी काढल्यावर लघवीची वाट कशी करणार? ऑपरेशन शक्य नसेल किंवा नको असेल तर जेमसिटाबिन आणि डोसिटॅक्सेल ही केमोथेरपीची औषधे पिशवीत सोडण्याचा पर्याय आमच्या रुग्णाला आहे का? शिरेतून द्यायचे पेम्ब्रोलिझुमॅब बसते का? अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये त्याला बीसीजी न चाललेल्या, सीआयएस असलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. आणि थांबलो तर किती दिवस थांबणे सुरक्षित आहे?

बाबांची वही अजून फ्रिजवर आहे. प्रत्येक डोसाला एक ओळ: तारीख, व्हायलचा बॅच नंबर, किती मिनिटे धरले, ताप किती, काय त्रास. डॉक्टर बदलले, हॉस्पिटलची फाइल एकदा हरवली, तेव्हा पुढचे डोस या वहीवरूनच ठरले. पहिल्या डोसाला जाताना अशी एक वही पिशवीत टाका.